लटकत्या चाकाचा बोल्ट

"सही कर, सांडशे. दोनच ओळी आहेत," दादा म्हणाला आणि कागद माझ्या वेल्डिंगच्या टेबलावर ठेवून त्यावर पाना ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मी हातमोजे काढले, चष्मा पुसला आणि वाचलं. दोन कुठल्या, चांगल्या चार ओळी होत्या. बचाव पथकाच्या जीपचे पुढचे कंट्रोल आर्म मी बदलले. ते काम करताना 'माझी दृष्टी अधू असल्याने' जोडात दोष राहिला. त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडी नाल्यात गेली. चूक मला मान्य आहे. खाली माझ्या सहीची जागा मोकळी सोडली होती आणि तिथं पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती. जशी काही मला लिहिता येत नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"साहेबांनी पाठवलंय. पथकाच्या वाहन विभागाकडनं."

"आणि साहेबांना माझ्या डोळ्यांचं कोणी सांगितलं?"

दादा छताकडे बघायला लागला. आमच्या छताला बघण्यासारखं काही नाही, एक बंद पडलेला पंखा आहे.

"अगं, चार गाड्या येतात त्यांच्या आपल्याकडे," तो म्हणाला. "एका सहीनं सगळं मिटतंय. साहेब म्हणाले, बाई आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, माणसाकडून होतं. आम्ही समजून घेऊ."

"मला समजून घ्या म्हणून मी अर्ज केला होता का? माझ्या जोडात दोष आहे म्हणतात? माझ्या? आधी दाखवा म्हणावं. नाही करणार सही."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट तर हट्ट. पाना उचल तुझा, उडू दे कागद."

त्यानं पाना उचलला नाही, म्हणून मीच उचलला. कागद मात्र घडी करून खिशात घातला. डोक्यात अशी तिडीक गेली होती की त्या दिवशी मी पुन्हा वेल्डिंगची काच खाली केली नाही. रागात केलेला जोड मी कधी गिऱ्हाइकाला दिलेला नाही.

मला सगळे सांडशी म्हणतात. दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, ते तिथंच असू दे. लहानपणी दादाच्या हातातलं काही एकदा धरलं की मी सोडायची नाही, म्हणून त्यानंच हे नाव पाडलं, आणि आता बावन्नाव्या वर्षीही गिऱ्हाईक फाटकातून "सांडशीताई आहेत का?" असं ओरडतच आत येतं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी हातातला हातोडा खाली न ठेवता उत्तर देते, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी दादाच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचा पुढचा भाग सांभाळते. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मला जे काही येतं ते त्यानं शिकवलं, आणि शिकवताना लाड अजिबात केले नाहीत.

आता त्या जीपचं सांगते. पथकाचं काम डोंगरात अडकलेली, पडलेली, आजारी माणसं खाली आणायचं. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही, दगड थेट गाडीच्या पोटाला लागतात. म्हणून त्यांनी जीपला उंच स्प्रिंगा घातल्या. गाडी चार बोटं वर गेली, दिसायला झकास झाली, चालवायला भिकार. कारण साधं आहे. पुढच्या चाकांचा आस चौकटीला दांड्यांनी बांधलेला असतो, त्या दांड्यांना आर्म म्हणतात. गाडी वर उचलली की आर्म तिरके होतात आणि आस मागं ओढला जातो. मग वळताना चाक मडगार्डला घासतं आणि उतारावर स्टिअरिंग हातात राहत नाही. साहेब म्हणाले होते, जुनेच आर्म कापा, मध्ये तुकडा जोडा, दोन दिवसांत होईल. मी विचारलं, तुकडा जोडलेल्या आर्मवर तुम्ही स्वतः बसून घाट उतराल का? तेव्हा ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मग मी जुने भंगारात टाकले आणि जाड पाइपचे नवे केले, वीस मिलिमीटर लांब. दोन्ही आर्म एकाच साच्यात बांधून जोडले. नऊ दिवस लागले. हे अडीच महिन्यांपूर्वीचं.

तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे खरं. डावा ठणठणीत होता. आणि जोड मी नुसत्या डोळ्यानं करत नाही. वितळणाऱ्या लोखंडाचा आवाज असतो, तो बिघडला की हात आपोआप थांबतो. पण हे साहेबाला काय सांगायचं?

आर्मच्या टोकाला बुश असतो. लोखंडी कड्यात दाबून बसवलेलं जाड रबर, रबराच्या मधोमध नळी, नळीतून बोल्ट. बोल्ट आवळला की मधली नळी जागच्या जागी घट्ट होते, आणि चाक वरखाली होताना रबर पिळतं, पुन्हा सरळ होतं. म्हणून तो बोल्ट कधी आवळायचा याला महत्त्व आहे. गाडी वर टांगलेली असताना, चाकं खाली लोंबत असताना आवळला, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच आपली जागा समजतं. गाडी खाली उतरवली की ते जे पिळलं जातं ते कायमचंच. उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं. महिना दीड महिन्यात फाटतं. म्हणून बोल्ट हातानं नुसता लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, सगळं वजन येऊ द्यायचं, मग पाठीवर झोपून खाली सरकायचं आणि आवळायचा. एकवीस वर्षांची असताना मी हीच चूक करायला निघाले होते. टांगलेल्या गाडीचा बोल्ट दात ओठ खाऊन आवळत होते, तेवढ्यात दादानं पान्याचा दांडा माझ्या मनगटावर ठेवून दिला. "आधी वजन, मग आवळण!" मनगट तीन दिवस सुजलं होतं. वहिनी त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. मी मात्र ती चूक जन्मात पुन्हा केली नाही.

आवळून झालं की मी बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर एक सलग रेघ मारते, नेलपॉलिशची. वहिनीनं कुठल्याशा लग्नासाठी मला लाल नेलपॉलिश आणून दिलं होतं, त्याचा एवढाच उपयोग झाला. रेघ अखंड असेपर्यंत त्या बोल्टची जबाबदारी माझी. बोल्ट कोणी हलवला तर रेघ तुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पथकाच्या शेडमध्ये गेले. कोणाला विचारलं नाही. फाटकावरच्या माणसानं "परवानगी आहे का?" म्हटलं, मी "आहे" म्हटलं आणि आत शिरले. जीप कोपऱ्यात उभी होती, तोंड फुटलेलं, उजवा दिवा गायब. मी जमिनीवर गोणपाट टाकलं आणि टॉर्च घेऊन खाली सरकले.

नवा डोळा काय चीज असते म्हणून सांगू! मी माझेच जोड पहिल्यांदा इतके स्वच्छ बघत होते. नखानं एकेक जोड चाचपला. केसाएवढी चीर नाही. नाल्यात आपटूनही आर्म वाकलेले नाहीत. मला इतका आनंद झाला की मी गाडीखाली एकटीच हसले. "दृष्टी अधू म्हणे!"

मग टॉर्च बुशवर गेला. उजवीकडचं रबर गोल फाटलं होतं, ओलं फडकं पिळून पिळून फाटावं तसं. डावीकडचं अर्धं फाटलं होतं. आणि माझी रेघ तुटलेली होती. बोल्टच्या डोक्यावरचा लाल तुकडा एकीकडे, पट्टीवरचा भलतीकडे. दोन्ही बाजूंना तेच. माझ्यानंतर कोणीतरी हे बोल्ट खोलले होते आणि पुन्हा आवळले होते.

"ताई, तुम्हीच ना खाली? पाय ओळखले मी."

जीपचा ड्रायव्हर. मी बाहेर आले. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला, बरगड्या दुखत असल्यामुळे तो जपून श्वास घेत होता. मला त्याच्याकडे बघवेना. त्या दिवशी त्याच्या गाडीत मागं पाय मोडलेली एक आजी होती.

"आजी कशी आहे?"

"ठणठणीत. स्ट्रेचरला बांधलेली होती म्हणून वाचली. मला म्हणते, मेल्या, पुन्हा असं हलवलंस तर मी उतरून चालत जाईन." तो हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला. "ताई, मी साहेबांना सांगितलंय. दोन महिने हीच गाडी नुसती लोण्यासारखी चढत होती. शेवटचे आठ दहा दिवस पुढून कटकट आवाज यायला लागला. आणि त्या दिवशी उतारावर स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, की दोन्ही हातांनी धरवेना."

"माझ्यानंतर गाडीला हात कोणी लावला? तुमच्याकडच्या कोणी?"

"आमच्याकडं कोण लावणार? आम्हाला हवा भरता येते फक्त. तुमच्याकडंच आली होती की, स्प्रिंग तुटली तेव्हा. तुमचं डोळ्याचं चाललं होतं तेव्हा हो. दादांनीच बदलली."

मी बारा दिवस घरी होते, डोळ्यावर पट्टी बांधून. जीप येऊन गेल्याचं मला कोणी बोललं नव्हतं. स्प्रिंग बदलायची तर आस खाली सोडावा लागतो, आणि आस सोडायचा तर आर्मचे बोल्ट सैल करावे लागतात.

"तू तिथं होतास का?"

"होतो ना. चहा पीत होतो."

"स्प्रिंग घातल्यावर गाडी खाली उतरवली. मग कोणी गाडीखाली झोपलं?"

ड्रायव्हरनं आठवलं. "नाही. सगळं वरच झालं, लिफ्टवर. खाली आल्यावर दादांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, ने."

परतीच्या वाटेवर मी चालत आले. बस दोनदा शेजारून गेली, मी हात केला नाही. दादा ते विसरेल? आपलं नाव विसरेल, ते नाही विसरणार. मग का? आणि चालता चालता मला एकेक आठवायला लागलं. तीन वर्षं झाली, जमिनीवर झोपायचं काम आलं की तो म्हणायचा, "सांडशे, तुझा हात बारीक आहे, तू जा." कधी म्हणायचा, "माझे कपडे आजच धुतलेत." मला वाटायचं, म्हातारा आळशी व्हायला लागलाय. मी त्याला तोंडावर तसं म्हटलंही होतं.

वर्कशॉपमध्ये पोचले तेव्हा वहिनी डबा घेऊन आली होती आणि दोघं बाकावर जेवत होती. मी हात न धुताच समोर उभी राहिले.

"जीपचे बोल्ट लिफ्टवर आवळलेस तू."

दादाचा घास हातात राहिला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "कागद माझ्यापुढे ठेवलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"गाडी ओढून आणली त्याच दिवशी बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "टॉर्च मारला. तुझी रेघ तुटलेली दिसली."

"आणि तरी मला सही कर म्हणालास?"

वहिनीच बोलली. "गुडघे गेलेत ग याचे. खाली बसला की उठता येत नाही. संडासातनं उठताना दाराची कडी धरतो हा माणूस, दोनदा उपटलीय. मला शपथ घातली होती, सांडशीला कळता कामा नये म्हणून."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"का गप्प बसू? तीस वर्षं तिच्या डोक्यावर ओरडलास, आता खापरही तिच्याच डोक्यावर फोडतोस? लाज वाटते मला!" तिनं डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते वाकडं बसलं.

दादानं हातातला घास परत ठेवला. "हिला लोक माफ करतील," तो हळूच म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे, असं म्हणतील. मी काय म्हणणार? गुडघ्याचं काही बरं होत नसतं. मिस्त्रीला गाडीखाली जाता येत नाही म्हटल्यावर उरलं काय?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला राग आला, इतका की आवाज फाटला. "मला माफी नकोच आहे कोणाची! मी नऊ दिवस खपले त्या आर्मवर. उजवा डोळा धूसर असताना खपले. नाल्यात आपटून वाकले नाहीत, दादा, एक जोड हलला नाही. तू बघितलंस टॉर्च मारून. तुला दिसलं. तू शिकवलेला जोड तुला ओळखू आला नाही का? आणि तू लिहून देतोस, ही आंधळी आहे?"

"मी नाही लिहिलं."

"सांगितलं तूच ना?"

त्याच्या हाताला लागलेलं अन्न वाळत होतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, कारण डॉक्टरनं अजून महिनाभर रडू नका म्हणून सांगितलं होतं.

"तू सांगणार आहेस साहेबांना?" त्यानं विचारलं.

"मी सही करणार नाही. एवढं माझं. तुझं तू बघ."

का नाही म्हटलं सांगेन म्हणून? भाऊ आहे म्हणून नव्हे. त्याच्या वाटचं वाक्य मी बोलणार नव्हते. ते बोलायला त्याला त्याचं तोंड होतं.

चौकशी दुसऱ्या दिवशी अकराला होती, पथकाच्या शेडमध्येच. आर्म काढून टेबलावर ठेवले होते, फाटक्या बुशसकट. साहेब खुर्चीत, ड्रायव्हर भिंतीला टेकून. साहेब वाईट माणूस नाही. त्याला फक्त फाइल बंद करायची होती. मी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला, फुलीसकट, सहीशिवाय.

"बाई, सही राहिली."

"राहिली नाही. केली नाही. हे आर्म बघा साहेब. कोणाही वेल्डरला बोलवा, चांगले डोळे असलेल्या. जोड कापून बघा हवं तर, मी इथंच बसते. दोष निघाला तर पुन्हा हातात वेल्डिंगचा होल्डर धरणार नाही."

साहेबांनी आर्म उलटा पालटा केला. त्यांना त्यातलं कळत नव्हतं, पण हाताला जड लागला एवढं कळलं. "ठीक आहे. जोड चांगले आहेत, मानलं. मग गाडी नाल्यात का गेली?"

"बुश फाटला म्हणून."

"बुश का फाटला?"

मी तोंड मिटून घेतलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो बोलू की नको या विचारात होता. मी त्याला नजरेनंच दटावलं. दादा दारात उभा होता, आत आलाच नव्हता. टांगलेल्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. मनात म्हटलं, आता हा माणूस घरी निघून जाईल, आणि मग मी याच्याशी उभ्या जन्मात बोलणार नाही.

"बाई, कारण तुम्हाला माहीत नसेल तर हा कागद..."

"गाडी लटकत असताना आवळला," दादा दारातून म्हणाला. "मी आवळला. हिचा काही संबंध नाही."

साहेबांना कळेना. "लटकत असताना म्हणजे?"

दादा आत आला. टेबलापर्यंत यायला त्याला वेळ लागला, आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तो पाय ओढत चालतो. त्यानं आर्म एका हातात धरला, दुसऱ्या हाताचं बोट फाटक्या रबरात घातलं आणि साहेबांना सांगायला लागला, वजन म्हणजे काय, रबर कसं बसतं, आधी काय करायचं आणि मग काय. मला सांगायचा तसंच, त्याच सुरात. फक्त ओरडत नव्हता. "पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे," तो शेवटी म्हणाला. "मला अडतीस वर्षं माहीत आहे. माहीत असून केलं. खाली झोपलो तर उठता येत नाही, म्हणून केलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला.

"मिस्त्री, तुमचं वय झालंय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "आपण असं करू. बुश सदोष होता, असं लिहू. माल खराब निघाला. कोणाचंच नाव नको. सगळ्यांचंच निभावेल."

आणि दादा भडकला. कालपासून मी ज्याची वाट बघत होते तो दादा एकदम समोर उभा राहिला. "माल खराब? हा बुश मी स्वतः दाबून पारखून आणला होता! त्यानं काय घोडं मारलंय? चांगल्या मालाला नावं ठेवता? द्या तो कागद इकडे."

त्यानं माझ्यासाठी आलेला कागद ओढला, माझं नाव खोडलं, 'दृष्टी' खोडलं, वर वाकड्या अक्षरात 'गुडघे' लिहिलं. 'जोडात दोष राहिला' खोडून 'बोल्ट गाडी लटकत असताना आवळला' असं लिहिलं. फुलीच्या जागी सही केली. मग ड्रायव्हरकडे वळून त्यानं हात जोडले. ड्रायव्हर घाबरून "अहो दादा, अहो दादा" म्हणत राहिला आणि एकाच हातानं ते हात खाली करायला लागला. मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरचं सांगणं त्या दिवशी काही पाळता आलं नाही.

साहेबांनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. "आता हे मला फाइलला लावावं लागेल," ते म्हणाले. "मग गाड्या तुमच्याकडे द्यायच्या तर एक अट घालावी लागेल. काम बाईंनी करायचं, सही बाईंची. तुम्ही पथकाच्या गाडीला हात लावायचा नाही."

"ही कसली अट?" मी उसळले. "मी हे मानत नाही. उभं राहून करायची हजार कामं आहेत, ती करील तो. अडतीस वर्षं ज्यानं..."

"मान्य आहे," दादा म्हणाला.

"दादा!"

"मान्य आहे म्हटलं ना. तू सोडत नाहीस काही हातातलं. एकदा सोड."

जीप दोन आठवड्यांनी ओढून आमच्याकडे आणली. पुढचं तोंड पथकानं दुसरीकडून करून घेतलं होतं, आर्म तेवढे माझ्याकडे. दादा रोजच्या वेळेला आला, रोजचे कामाचे निळे कपडे घालून. वहिनीनं त्याला घरी थांब म्हटलं होतं म्हणे, पण तो ऐकतो थोडाच. मी नवे बुश दाबून बसवले, आर्म चढवले. तो लिफ्टच्या खांबाशेजारी उभा राहिला. एकदा माझ्या हातून नट निसटला आणि घरंगळत त्याच्या पायाशी गेला. तो वाकणार होता, मग थांबला. नट पथकाच्या गाडीचा होता. मी येऊन उचलला. असा त्याचा तो दिवसभराचा हट्ट, माझ्याहून वरचढ. मी दोनदा चिडून म्हटलं, "अरे, नटाला हात लावला तर साहेब काय फाशी देणार आहे?"

काम संपलं. ड्रायव्हर आला, एका हातानं चावी घेतली, त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या चालकानं गाडी बाहेर काढली. फाटकाबाहेरच्या दगडी उतारावरून जीप खाली गेली, आणि स्टिअरिंग सरळ होतं, आवाज नव्हता. दादा फाटकापर्यंत जाऊन ऐकत उभा होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो परत आला, म्हणाला, "बरं केलंयस."

एकतीस वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला. मी पाने पुसायला घेतले.

तो मागच्या नळाकडे गेला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. डब्यातली साबणाची पूड तळहातावर घेतली आणि रोज संध्याकाळी धुतो तसे हात धुवायला लागला, नखांखालून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून वर. दोनदा पूड घेतली. मी दारात उभी राहून बघत होते. खालच्या पांढऱ्या मोरीतून पाणी स्वच्छच वाहत होतं.